नानांचा पांढरा रुमाल

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझे मेव्हणे काही आमच्या गावी मुक्कामाला आले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात एकदाचे आले. ओट्यावर खुर्ची टाकून, हातात चहाचा कप घेऊन जरा कुठे टेकले, आणि पाचव्या मिनिटाला आमच्या शेजारच्या नानांनी येऊन त्यांचं टक्कल पुसलं.

पुसलं म्हणजे अगदी पुसलं. खिशातून घडी घातलेला पांढराशुभ्र रुमाल काढला, "हलू नका पावनं," म्हणाले, आणि कपाळापासून मानेपर्यंत सरळ एक हात फिरवला. मग रुमाल उजेडाला धरून बघितला आणि विचारलं, "कोन्या रस्त्यानं आला? काचा उघड्या हुत्या का?"

मेव्हणे पुण्याला एका मोठ्या कंपनीत साहेब आहेत. त्यांना असं काही विचारायची कुणाची छाती होत नाही. पण ते इतके गडबडले होते की शाळेतल्या पोरासारखं उत्तर देऊन बसले, "संगमनेरवरून. एसी बंद पडला, म्हणून काचा उघड्या होत्या."

"तरीच," नाना म्हणाले. "पन जागा झकास हाय बरं का. गुळगुळीत. बसलेलं समदं दिसतं."

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. आमच्या आळीत राहायचं तर अशा वेळी चहाकडे पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

तोवर नानांनी रुमाल एका कोऱ्या कागदावर झटकला, वाण्याच्या सफाईनं कागदाची पुडी बांधली आणि पुडी एका पाकिटात टाकली. नानांची पाकिटं म्हणजे लग्नपत्रिकांची पाकिटं. गावात लग्नांना तोटा नाही, त्यामुळे पाकिटांनाही नाही. वर गणपती, खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि आत धूळ. पाकिटाच्या कोपऱ्यात नानांनी बारीक अक्षरात लिहिलं: "पाहुणे, पुणे. डोके. वारा मावळतीचा." माझे मेव्हणे कुठल्या तरी बबनच्या लग्नाच्या पाकिटात कायमचे नोंदले गेले.

तर असे आमचे नाना. मी इथल्या हायस्कूलात मराठी शिकवतो, आणि नाना त्याच हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शास्त्राचे मास्तर आले आणि बदलून गेले, नाना मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. त्यामुळे प्रयोग कसा करायचा हे मास्तर नानांना विचारत आणि मग मुलांना शिकवत. व्हरांड्यातून नुसता वास घेऊन आत कुठल्या इयत्तेचं प्रात्यक्षिक चाललंय हे नाना सांगत. प्रयोगवहीत खोटं रीडिंग लिहिलेलं त्यांना लांबून कळे. "पोरा," ते म्हणत, "लई बराबर आलंय. खरं रीडिंग येवढं बराबर येत नसतं."

निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ दिलं आणि मुख्याध्यापकांनी भाषणाच्या भरात विचारलं, "नाना, अजून काही इच्छा?" असं विचारल्यावर माणसानं हात जोडून "सगळं मिळालं" म्हणायचं असतं. नाना म्हणाले, "तो कपाटावरचा मायक्रोस्कोप द्या." आरशाला तडा गेलेला, एक भिंग नसलेला तो मायक्रोस्कोप तसाही निर्लेखनाच्या यादीत होता. नानांनी तो शालीत गुंडाळला आणि तान्हं बाळ न्यावं तसा छातीशी धरून घरी नेला. श्रीफळ टेबलावरच राहिलं.

नानांच्या घरी तेव्हा काकू होत्या आणि मुलगी अश्विनी होती. नाना शास्त्राचे, काकू शास्त्राबाहेरच्या. अश्विनी परीक्षेहून आली, स्पर्धेत नंबर काढून आली, अगदी कोपरगावला मैत्रिणीच्या लग्नाला मिरवून आली, तरी काकू तिला दारातच थांबवत. मूठभर मीठ आणि सात मिरच्या घेऊन डोक्यापासून पायापर्यंत ओवाळत, पुटपुटत, "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, भुताखेताची..." मग अर्धं चुलीत टाकत आणि अर्धं तिठ्यावर जाऊन फेकत. येताना मागे बघत नसत आणि घरात येईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलत नसत. मिरच्यांचा ठसका आमच्या माजघरापर्यंत येई. पाठोपाठ नानांचा आवाज येई, "पोरीला खोकला दृष्ट लागून येत न्हाई, दृष्ट काढल्यानं येतो!"

काकूंना यावर उत्तर द्यायची गरज कधी वाटली नाही. अश्विनी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्या अचानक गेल्या. घरात मीठ-मिरची त्यानंतर फक्त भाजीत पडू लागली.

विमानतळाचं सांगायचं राहिलं. गावाच्या मावळतीला मोठा माळ आहे. पूर्वी तिथं मेंढरं आणि कुसळं याशिवाय काही नसायचं. तिथं विमानं उतरू लागली. पहिलं विमान आलं तेव्हा सगळं गाव धाब्यावर चढलं होतं. पुढं सवय झाली. आता विमान डोक्यावरून गेलं तर माणसं बोलणं तेवढं थांबवतात आणि आवाज ओसरला की तोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करतात.

अश्विनीला तिथं नोकरी लागली. कागदावर तिच्या हुद्द्याला मोठं इंग्रजी नाव आहे. प्रत्यक्षात ती धावपट्टीवरून आलेल्या विमानासमोर हातात दोन दांडकी घेऊन उभी राहते आणि इकडे ये, तिकडे वळ, थांब असं हातांनी सांगते. गावानं तिला "विमानाची ट्रॅफिक पोलीस" म्हणायला सुरुवात केली. नाना महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "माझी पोरगी विमानाला म्हनती थांब, की थांबतं. आमच्या घरात तिच्या आईशिवाय कुनाचं कोन ऐकत नव्हतं, आन् हिचं विमान ऐकतं!" सांगताना ते उगाचच चष्मा पुसत.

नोकरीला सहा महिने झाले असतील. एका सकाळी नाना वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. विमानतळांच्या आसपासच्या हवेत धातू असलेले अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांचा जगभर अभ्यास चालू आहे, असा त्यात मजकूर होता.

"सर, तुमी मराठीचे. अतिसूक्ष्म म्हंजे किती बारीक?"

मी कात्रण वाचून सांगितलं, "नाना, केस असतो ना आपला, त्याच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातला एक."

नानांनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटला, बोटात धरून बराच वेळ बघत बसले, आणि केस खिशात घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशीपासून पांढरा रुमाल सुरू झाला. अंगात मुरलेलं शास्त्र उफाळून आलं, अशी मी माझी समजूत करून घेतली. मराठीच्या मास्तरची समजूत चटकन होते.

तेव्हापासून तीन वर्षं नानांनी गावाची एक खिडकी सोडली नाही. सकाळी सात वाजता रुमाल, पुड्या, पाकिटं घेऊन फेरी निघायची. "राम राम" म्हणणं त्यांनी सोडूनच दिलं. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "वारा कुठला?" आधी माणसं गोंधळायची. हळूहळू आळीतल्या म्हाताऱ्यासुद्धा दार उघडता उघडता सांगू लागल्या, "उगवतीचा हाय जनू." आमच्या सौभाग्यवतींनी एकदा सवयीनं सकाळी लवकर खिडक्या पुसून घेतल्या. नाना आले, चौकटीवर बोट फिरवलं आणि इतके खिन्न झाले की बघवेना. "वैनी," ते म्हणाले, "पुरावा पुसला तुमी." त्या दिवसापासून आमच्या घरात खिडक्या पुसायचं काम नानांकडे आहे, आणि मला सांगायला हरकत नाही, इतक्या स्वच्छ खिडक्या आमच्या संसारात कधी नव्हत्या.

संध्याकाळी ओट्यावर तपासणी चाले. गॅदरिंगच्या जुन्या कर्ण्यातलं चुंबक त्यांनी काढून आणलं होतं. पुडी कागदावर उलटी करायची आणि कागदाखालून चुंबक फिरवायचं. मातीचे कण पडून राहत आणि काळे बारीक कण उठून उभे राहत, चुंबकाबरोबर चालत. "बघा, बघा, उठलं लोखंड!" नानांना दर वेळी तोच आनंद व्हायचा. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तीर्थप्रसादापेक्षा या चुंबकाभोवती जास्त गर्दी झाली. गुरुजीसुद्धा पोथी मिटवून बघायला आले होते.

एका मयताला मात्र मला वाटलं, आता नानांना कुणीतरी बोलणार. चिता पेटल्यावर नानांनी हात वर करून हवा बघितली आणि हळूच म्हणाले, "मंडळी, तिकडच्या अंगाला चला, वारा इकडं फिरनार हाय." दोन मिनिटांत वारा फिरला. पन्नास माणसं धुरातून वाचली. कुणी उघड काही बोललं नाही, पण पुढच्या मयताला सगळे नाना कुठे उभे राहतात ते बघून उभे राहिले.

"धूळ खोटं बोलत न्हाई." हे नानांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी एकदा ग्रामसभेत खरं करून दाखवलं, आणि तिथं मला नाना पहिल्यांदा नीट दिसले.

त्या वर्षी डाळिंबांच्या पानांवर काळपट थर बसत होता, वाळत घातलेले कपडे मळत होते आणि दोन-चार घरांत खोकलाही रेंगाळला होता. विमानामुळे गावाची हवा बिघडली असा ठराव करायचं ठरलं. सरपंचांनी नानांना निरोप धाडला, "पाकिटं घिऊन या. तुमी फकस्त शास्त्रीय बोला, बाकीचं आमी बघतो." नाना खताच्या गोणीत पाकिटं भरून घेऊन आले.

"ह्यातलं काळं हाय ते लोखंड," त्यांनी सुरुवात केली. सभेत समाधानाची कुजबुज झाली. "पन मावळतीचा वारा असला, म्हंजे विमानाकडचा, तवा ह्ये निम्मं बी येत न्हाई. उगवतीचा वारा असला की लई येतं. आता उगवतीला काय हाय?"

उगवतीला सरपंचांच्या धाकट्या भावाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. उघड्यावर दिवसभर वेल्डिंग आणि ग्राइंडर चालायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"सांगा की," नाना म्हणाले. "धूळ खोटं बोलत न्हाई. मानसं नुसती गप बसत्यात."

सरपंचांचा चेहरा पडला. "नाना, तुमी गावाकडनं हाय का विमानाकडनं?"

"मी रुमालाकडनं हाय."

हशा पिकला. तेवढ्यात मागून कुणीतरी टोला मारला, "पोरगी तिथं कामाला हाय ना, मग विमानाचंच नाव कशाला निघंल!"

हसणं थांबलं. नानांनी हातातलं पाकीट गोणीत ठेवलं. "व्हय," ते म्हणाले, "माझी पोरगी तिथं हाय. म्हनूनच मला खरं पायजे. तुमाला ठराव पायजे." मग म्हणाले, "आन् मला विमानाचं सापडलं न्हाई म्हंजे ते न्हाईच, असं बी मी म्हनत न्हाई. माझ्या रुमालाला घावलं न्हाई, येवढंच."

ठराव बारगळला. सरपंचांच्या भावानं दोन महिने नानांशी बोलणं टाकलं. पण माणूस मनाचा सरळ. त्यानं दुकानाला पत्र्याची आडभिंत केली, ग्राइंडर आत घेतला, आणि एक दिवस स्वतः येऊन म्हणाला, "नाना, चला, पुसून बघा आता." नानांनी पुसलं. "निम्म्यावर आलं," म्हणाले. त्यानं चहा मागवला.

पण "माझ्या रुमालाला घावलं न्हाई" हे स्वतःचंच वाक्य नानांना टोचत राहिलं. मी सुचवलं की संगमनेरच्या कॉलेजात माझी एक जुनी विद्यार्थिनी शास्त्र शिकवते, तिच्याकडे जाऊ. मराठीत ती जेमतेम पास व्हायची, म्हणजे शास्त्रात नक्कीच चांगली असणार. नानांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला, गोणी खांद्यावर घेतली आणि आम्ही एसटीनं निघालो.

मॅडमनी प्रत्येक पाकीट उघडून बघितलं. वर लिहिलेली तारीख, वेळ, वारा, खिडकी, सगळं वाचलं. पुण्याच्या पाहुण्यांच्या डोक्यापाशी आल्यावर हसल्या. मग म्हणाल्या, "नाना, इतक्या काटेकोर नोंदी आमची मुलंही ठेवत नाहीत." नाना लाजले. मी त्यांना लाजताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं त्यांनी सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. रुमालावर येतं ते जाडं. रस्त्याचं, ब्रेकचं, वेल्डिंगचं. विमानाच्या इंजिनातून निघतं त्यातलं सगळ्यात बारीक, ज्यात धातूचे अंश असतात, ते असं खाली बसत नाही. ते हवेतच तरंगत राहतं आणि श्वासाबरोबर पार खोल जातं. रुमालाच्या विणीतून ते आरपार जाईल. नानांच्या मायक्रोस्कोपला ते दिसत नाही आणि कॉलेजच्याही दिसत नाही. ते मोजायची यंत्रं निराळी असतात.

"म्हंजे मी जे हुडकत हुतो, ते ह्या गोणीत न्हाईच?"

"नाही, नाना."

नानांनी गोणीकडे बघितलं. तीन वर्षं होती त्या गोणीत. 

"मॅडम," नाना म्हणाले, "गावाचं ऱ्हाऊ द्या. जे मानूस विमानाच्या जवळ उभं ऱ्हातं, रोज, आठ-आठ तास, त्याचं काय?"

मॅडम जरा विचार करून बोलल्या. नेमकं किती आणि काय होतं ते अजून पुरतं ठरलेलं नाही, अभ्यास चालू आहेत. घाबरून जायचं कारण नाही, पण जवळच्याला जास्त लागणार एवढं खरं. नाकाला घट्ट बसणारा चांगला मास्क वापरावा, घरी आल्यावर कपडे बदलावेत, आणि जमेल तेव्हा वारा येतो त्या अंगाला उभं राहावं.

"त्ये न्हाई जमायचं," नाना हळूच म्हणाले. "विमान उभं करायचं तर त्याच्या म्होरंच उभं ऱ्हावं लागतं."

मी शेजारीच बसलो होतो. इतकी वर्षं शेजारी राहून, रोज चहा पिऊन मला जे कळलं नव्हतं, ते त्या वाक्यानं कळलं. हा माणूस गावाची हवा मोजत नव्हताच. गावाच्या खिडक्या त्याला पोरीपर्यंत पोचायच्या वाटेवर लागल्या होत्या, इतकंच.

"तिला नोकरी सोड म्हणून सांगायचं का मग?" परतीच्या एसटीत मी विचारलं.

"कशी सांगू?" नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिच्या एका हातावर विमान थांबतं, सर. मी कोन तिला थांबवनार?" गोणी त्यांनी मॅडमकडेच ठेवली होती, विद्यार्थ्यांना दाखवायला. रिकामे हात मांडीवर ठेवून ते बसले होते. घरापर्यंत त्यांनी वारा कुठला हे एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर आठ दिवस आमच्याकडे रुमाल आला नाही. खिडक्यांवर बोटभर धूळ साचली. आमच्या सौभाग्यवतींनी ती पुसली नाही, नानांसाठी ठेवली. "अहो, जाऊन तरी या," त्या मला रोज म्हणत. "घरात माणूस एकटा असतो दिवसभर." मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. नानांच्या समोर जाऊन काय बोलायचं हा माझा प्रश्न होता.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेला आमच्या माजघरात मिरच्यांचा ठसका आला. सौ. दचकल्याच. "नानांकडे दृष्ट काढताहेत?" मी पायांत चपला सरकवल्या आणि खोकत खोकत तिकडे गेलो.

ओट्यावर शेगडी पेटवून नाना समोर बसले होते. निखाऱ्यांवर मिरच्या जळत होत्या. नानांच्या तोंडाला मास्क होता आणि शेजारी आणखी तीन मास्क मांडले होते. मी खोकून खोकून वाकलो. नाना शांत.

"ह्यो पडला," त्यांनी पहिल्या मास्ककडे बोट दाखवलं. "ह्यो बी पडला. ह्याचं नाकापाशी ढिलं हाय. ह्यो तोंडावरचा टिकला, सर! येक ठसका न्हाई!" मास्कच्या वर त्यांचे डोळे चमकत होते. पूर्वी वर्गात मुलाचा प्रयोग जमला की असेच चमकायचे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. अश्विनी आली होती. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात आवाज अडवायला कानांवर लावायची ती मोठी बोंडं, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. ती आत आली नाही. फाटकाबाहेरच उभी राहिली, टोपी काढली आणि विमानाला दाखवते तसे दोन्ही हात पसरले.

नाना उठले. मास्क काढून ठेवला, खिशातून पांढरा रुमाल काढला.

हे मी लांबून कितीदा पाहिलं होतं. खिडक्यांसारखीच ही एक नोंद, असं समजत होतो. पण आज तर नोंदीला अर्थ उरला नव्हता.

"नाना," अश्विनी हसून म्हणाली, "मॅडमनी सांगितलं ना, रुमालाला काही सापडत नाही म्हणून?"

"गप उभी ऱ्हा. मधी बोलायचं न्हाई."

त्यांनी तिच्या कपाळावरून रुमाल फिरवला. खांद्यांवरून, पसरलेल्या हातांवरून, पार बुटांपर्यंत. मग पुन्हा डोक्यापासून. मग तिसऱ्यांदा. त्यांचे ओठ हलत होते. मी दोन पावलं पुढं सरकलो तेव्हा शब्द ऐकू आले.

"आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, भुताखेताची, इंजिनाची, टायराची, ब्रेकाची, बारक्या लोखंडाची..."

अश्विनीनं डोळे मिटले होते.

रुमालाची मूठ करून नाना फाटकाबाहेर पडले आणि तिठ्याकडे चालू लागले. मला राहवलं नाही. मी हाक मारली, "नाना, वारा कुठला?"

तीन वर्षांत पहिल्यांदा नानांनी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

"सर, आता नाही बोलायचे ते," अश्विनी हळूच म्हणाली. "आईपण बोलायची नाही, घरात परत येईपर्यंत." मग म्हणाली, "रुमाल सुरू झाल्यापासून रोज करतात. मला वाटायचं धूळ बघतात. मीठ-मिरचीची त्यांना लाज वाटते ना."

नानांनी तिठ्यावर रुमाल झटकला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मागे न बघता परत आले. फाटकाशी बादली होती, तिच्यातलं पाणी घेऊन पाय धुतले. पोरीच्या हातात टिकलेला मास्क दिला. "उद्यापासून ह्यो घालायचा. मी बघितलाय. जा, कापडं बदल, भाकरी गरम हाय." ती आत गेली.

मग ते माझ्याजवळ आले आणि कुणी ऐकत नाही ना, हे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "सर, ह्याची नोंद न्हाई ठेवायची."

मी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते. ओट्यावर मिरचीचा धूर अजून होता, म्हणून ते खपून गेलं.